खालचं, छोटं बटण

नारिनला जानेवारीत पहाट उणे अठ्ठावीस.
तोक्तोसून गुरांचा डॉक्टर. जुन्या निवा गाडीत मागच्या सीटवर
नमद्यात गुंडाळून त्यानं ते धूड आणलं,
आजारी कालवड आणावी तसं.
"चालूच होत नाही. हूं नाही की चूं नाही.
वसंतातल्या लसी कुणाला द्यायच्या, ती सगळी यादी आत आहे.
लगेच बघ, पोरी."

लगेच नाही, म्हटलं.
गारठलेलं लोखंड उबेत आणलं की त्याला घाम फुटतो,
आणि ओल्या अंगात वीज सोडायची नसते.
चार तास बसा. चहा घ्या.
तो बसला. गोठ्यागोठ्यांत तोही
लोकांना असंच बसवत असणार,
म्हणून वाद घातला नाही.

दुपारी उघडलं. आत काजळी.
गाव सगळं कोळसा जाळतं,
पंख्याच्या पात्यांवर तीन हिवाळे साचलेले.
मी आधी पाइपाला हात टेकवला,
अंगातली ठिणगी तिथे सोडली,
मगच ब्रश घेतला.

आधी पोट.
वीजडब्यातून निघणाऱ्या जाड वेणीत
हिरवी तार एकच असते.
क्लिप वाकवून तिची शेजारच्या काळीशी गाठ घातली.
पंखा फिरला.
"म्हणजे जेवतंय," तोक्तोसून म्हणाला.
जेवतंय. पण उठत नाही.

मेमरीच्या पट्ट्या काढल्या,
त्यांचे पिवळे दात खोडरबरानं घासले,
कट्ट वाजेपर्यंत परत दाबून बसवल्या.
बटण दाबलं. काही नाही.
एकच पट्टी ठेवून. काही नाही.
नाण्याएवढी बॅटरी काढून, घालून.
काही नाही.
आता माझ्या जिभेवर ते वाक्य येऊ लागलं, बोर्ड गेला.
सोपं वाक्य आहे. समोरचा कधीच पडताळू शकत नाही.
नवा बोर्ड म्हणजे दोन मेंढ्या,
आणि मला भाडं द्यायचं होतं.

तेवढ्यात तो, कपात बघत:
"घोडा लंगडला की जो तो खांदा चाचपतो.
खांदा मोठा असतो, हाताला बरा वाटतो.
दुखणं बहुतेकदा खुरात असतं."

खूर.
मी वळून त्या डब्याचं तोंड पाहिलं.
सकाळपासून वीसदा दाबलेलं ते गोल बटण,
त्याच्यावर मी एकदाही संशय घेतला नव्हता.

त्याची बारीक वायर बोर्डावरून उपटली.
उघड्या दोन पिनांवर
स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं,
चिमूटभर मीठ टाकावं एवढाच वेळ.

बीप.

एकच, आखूड.
मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि तारीख:
एक जानेवारी दोन हजार नऊ, रात्रीचे बारा.
बॅटरी मेलेली, घड्याळाला आठवत होतं ते एवढंच.
तोक्तोसूननं चष्मा लावला.
"त्या साली माझी तांबडी घोडी होती."

नवी बॅटरी घालून मी वर्ष पुढे न्यायला लागले,
एका कळीला एक वर्ष.
दहा. अकरा. बारा.
एका आकड्यापाशी तो म्हणाला, "इथे जरा थांब."
थांबले.
स्टोव्हमध्ये कोळसा खचला.
"हं. चल."
मी विचारलं नाही.

यादी उघडली. चारशे बारा गाई, कानांतल्या बिल्ल्यांसकट.

बटणाचा प्लास्टिकचा पाय आतून मोडला होता.
तसलं बटण नारिनमध्ये मिळायचं नाही.
म्हणून त्याच्या खालच्या छोट्या बटणाची,
अडलेल्याला पुन्हा सुरू करणाऱ्याची, वायर काढून
मोठ्याच्या जागी जोडली.
सांगितलं, आता मोठं विसरा. हे दाबायचं.
बटणापुरते पैसे घेतले. तो जास्त देत होता.
भाड्याचं पुढच्या आठवड्यावर गेलं.

रात्री नऊला फोन.
"पोरी, चालूच होत नाही."
कुठलं दाबलंत?
बराच वेळ काही नाही, नुसता श्वास,
मागे कुठेतरी कुत्रा.
मग फोनमधूनच
बीप.