थोरली कोण

सर्वसाधारण सभेत अहवाल वाचला मी.
विषय क्रमांक सात, साडेचार पानं.
त्यात सगळं आलं :
विमानभाडं (माझं मी भरलं, नोंद घ्यावी),
केळी धुण्याचा हौद किती फूट,
घड तारेवर टांगून कसे येतात रांगेनं,
दोघांच्या मधे फोमची घडी,
घासायला नको, डागायला नको,
बाळंतिणीच्या खोलीत ठेवतात तसं.
भंगाळे म्हणाले, कुमुदताई, मंजूर.
चहा आला.

आता त्यात नाही ते.

आम्ही गेलो होतो केळी विकायला.
त्यांनी विचारलं, न्हावाशेव्याहून किती दिवस?
मी आकडा सांगितला.
हसले नाहीत. चांगली माणसं.
टेबलाखाली बोटं मोजली
आणि यंत्रांची दरसूची पुढं सरकवली,
आमच्यासाठी मुद्दाम मराठीत छापलेली.
केळफूल कापणीयंत्राला तिथं
'केळ्याचे हृदय कापणे' असं नाव होतं.
सावद्यात जन्म गेला माझा,
मला ती चूक वाटली नाही.

भेट म्हणून फैजपुरातून घड्याळ करून नेलं होतं,
तबकडीवर घड, खाली नगरपरिषदेचं नाव.
हॉटेलात खोकं उघडलं तर
दुभाषी पोरगी, युएलिंग, पांढरीफटक.
घड्याळ देणं इथं
मयताला जाण्यासारखं ऐकू येतं, म्हणाली.
मग बॅगेच्या तळातले बिबडे काढले,
घरचे, ज्वारीचे, माझ्यापुरते नेलेले.
त्यांच्या महापौरांनी एक न भाजताच चावला
आणि बराच वेळ
मान डोलवत राहिले.

सहीच्या आदल्या रात्री युएलिंग खोलीवर आली.
तिचं हिंदी जुन्या रेडिओवरल्या बातम्यांसारखं.
एक शब्द अडलाय, म्हणाली.
तुम्ही लिहिलंय भगिनी-शहर.
आमच्या भाषेत नुसती बहीण नसते,
थोरली असते, नाहीतर धाकटी.
मॅडम, थोरली कोण?

आमची वस्ती वीस हजार.
खिडकीखालच्या एका रस्त्याला तेवढे दिवे होते.

आमच्याकडे तरी कुठं असते नुसती बहीण.
ताई वेगळी, धाकटी वेगळी.
फक्त एका कागदावर सगळ्या सारख्या.
रावेर, उपनिबंधक कार्यालय,
वैशाख, कूलरमध्ये पाणी नाही.
हक्कसोडीवर मी पहिली सही केली, थोरली म्हणून.
सुमन पेन धरून बसली होती
माझ्याकडे बघत.
मी म्हटलं, कर वं. माहेर राहील.
केली तिनं.
माहेर राहिलं.
ती येत नाही, एवढंच.

हे सगळं हिंदीत कसं सांगणार.
मी विचारलं, तुला किती बहिणी?
एकही नाही. भाऊही नाही.
आमच्या वर्गात सगळे एकेकटेच होते, म्हणाली,
आणि मग, दार लावता लावता :
बहीण असली की काय होतं?

म्हटलं, बांधावरून भांडता येतं.
तिनं ते वहीत लिहून घेतलं.
खरं तर आम्ही
तेवढंही भांडलो नव्हतो.

सकाळी त्यांनी शब्द बदलला. मैत्री-शहर.
जाड कागद, लाल फीत, दोन झेंडे,
माझी सही तीच जुनी,
शेवटी रेघ ओढलेली.
मराठी प्रतीत मात्र भगिनी तशीच राहिली.
कुणी तपासली नाही,
मीही लक्षात आणून दिलं नाही.

घड्याळ परत आणलंय.
तिथल्या वेळेवर लावलेलं, अडीच तास पुढं.
सुमनकडे न्यावं म्हणते, यावलला.
तिला कुठं चिनी येतं.
दारात उभं राहून काय म्हणायचं
तेवढं ठरत नाहीये.