सहाव्या पायरीवर

पुन्हा पुढे ढकलला.
डिचोलीच्या आल्हाद टॉकीजबाहेर
बाबलो शिडीवर चढून
'दिवाळीत' या शब्दावर कोरा कागद चिकटवतोय.
खळ पातळ झालीय. आतून 'चवथीला' दिसतं,
त्याच्या आत 'नाताळात',
त्याच्याही आत काय होतं ते त्यालाच आठवत नाही.

'ओला जिना', भाग सातवा.
ज्यांनी आधीचे पाहिले नाहीत त्यांना सांगतो:
एक बाई आहे. तिच्या पावलांतून पाणी गळतं.
दर सिनेमात ती एकच पायरी चढते.
किंकाळ्या, मांत्रिक, मध्यंतराआधी विझणारा कंदील,
सगळं त्या एका पायरीसाठी.
सहाव्याच्या शेवटी तिने हात उचलला
दार वाजवायला,
आणि थेटरात दिवे लागले.

नऊ वर्षं झाली त्याला.

पहिला आला तेव्हा आम्ही नववीत.
पाच जण, तिकिटं तीन;
शांबाचा मामा प्रोजेक्टरवर होता.
सुलक्षा ओढणीआडून बघायची
आणि बाहेर आल्यावर गोष्ट मात्र तीच बरोबर सांगायची.
रेमेदियस म्हणायचा, दारामागे कोणीच नाही.
शांबा म्हणायचा, दारामागेही तीच.
मी म्हणायचो, दारामागे आपण आहोत,
आणि स्वतःला फार शहाणा समजायचो.
वामन काही म्हणायचा नाही. तो चणे खायचा,
नेमक्या भयाण शांततेत, कुरकुर कुरकुर.

आता ऐकू येतं ते असं:
निर्माते दोघे भाऊ, कोर्टात भांडतायत.
जिन्याचा सेट वाळवीने खाल्ला.
बाईचं काम करते तिचे गुडघे गेले,
तिला पायरी चढवत नाही.
हे शेवटचं मला पटतं.
माझाही डावा गुडघा वाजतो हल्ली.

रेमेदियस बोटीवर असतो.
कुठल्याशा बंदरातून फोन करतो,
आईची चौकशी मागाहून, आधी हेच:
"वाजयलें रे तिणें?"
"ना रे अजून."
"बरं. मी येईपर्यंत थांब म्हणावं तिला."

शांबाचा ट्रक अंगणात उभा आहे,
खाण बंद झाली त्या दिवसापासून.
टायरांत गवत, बॉनेटवर मांजरीची पिल्लं.
तारखांचं त्याला आता काही वाटत नाही.
खाण पुढच्या महिन्यात, बाई पुढच्या वर्षी,
असं म्हणून तो चहात पाव बुडवतो.

आमच्या वेशीवरच्या राखणदाराचं बरं आहे.
रोट ठेवला की ठेवला, नाही ठेवला की काठी वाजते.
ती भीती कधी पुढे ढकलली जात नाही.

पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये
वामन गेला.
बंद खाणीच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं, हिरवं,
वरून अगदी तळ्यासारखं.
सहाव्याला आम्ही तिकिटं पाच काढली. पहिल्यांदाच पुरी.
पडद्यावर ओली पावलं उमटली
आणि कोणीही चणे खाल्ले नाहीत.
सुलक्षाची ओढणी तिच्या मांडीवर होती, घडी घातलेली.
ती शेवटपर्यंत उघड्या डोळ्यांनी बघत राहिली
त्या बाईच्या पायांकडे.

परवा बसस्टँडवर भेटली.
मी म्हटलं, पुन्हा तारीख बदलली.
ती म्हणाली, येऊ दे कधीही.
इतकी वर्षं दाराबाहेर थांबलं
की भूत नाही राहत, पाहुणं होतं.
मग बस आली. पायरीवर पाय ठेवून
तिने मागे वळून सांगितलं:
"इतकं भिजलेलं कोणी दारात आलं ना,
तर मी आधी टॉवेल देईन."

बाबलोचा कागद वाकडा बसलाय.
तो शिडीवर तसाच उभा,
एक हात वर उचललेला,
कोपरावरून खळ गळतेय
थेंब थेंब माझ्या चपलेवर.
मी खालून शिडी धरलीय.
"काय लिहूं?" तो विचारतो.