तीन हाका

नवतपाचा चौथा दिवस. रात्री दीड वाजताही
परसोडीच्या रस्त्यावर डांबर चप्पल सोडत नाही.
आत अठरा अंश. मी शाल गुंडाळून
रॅकसमोर उकिडवी.
दोन पेट्या, वरची कामाची, खालची राखीव.
खालची दर दोन सेकंदांनी विचारते: आहेस?
वरची म्हणते: आहे.
सहा वर्षं एवढंच बोलणं.

वीज गेल्याच्या तक्रारी येतात आमच्याकडे.
काटोलला डीपी उडते, पाचपावलीत फेज जातो,
कुणाचं तरी घामेजलेलं बोट काचेवर टेकतं
आणि ते टेकणं इथे पोचतं. या पेट्या ठरवतात
चौघांपैकी कोणता सर्व्हर रिकामा आहे.
बोटाला यातलं काही कळत नाही.
कळलं, तर माझं काम चुकलं.

ही जोडी लांजेवार सरांनी बसवली. आता तशीच दुसरी
हैदराबादला आहे. नागपूर पडलं
तर तिकडून चालावं.
पडलं म्हणजे काय, ते आज मला लिहायचंय,
एका आकड्यात.

सोमवारी तीन नंबरचा सर्व्हर हाकेला ओ देत होता
आणि उठत नव्हता. पेटी म्हणाली, जिवंत आहे,
पाठवा माणसं. माणसं गेली आणि ताटकळली.
म्हणून आता नुसतं आहेस का, असं विचारत नाही.
विचारते, शेवटच्या तक्रारीचा नंबर सांग.

त्याआधीच्या आठवड्यात वर्धा रोडला जेसीबीने
केबल खाल्ली. दोन्हीकडे सगळं ठणठणीत,
फक्त मधला रस्ता गेलेला.
हैदराबादला वाटलं नागपूर मेलं,
त्याने कारभार घेतला. नागपूर मेलेलं नव्हतं,
त्याने सोडला नाही.
पाचपावलीत एकाच डीपीखाली दोन शिड्या लागल्या.
"तू काहून आला बे?"
"मले मेसेज आला. तू काहून आला?"
उमरेडला रात्रभर कुणीच नाही.

आता भोपाळला एक लहानसा साक्षीदार ठेवलाय.
तो काम करत नाही. कोण दिसतंय, एवढंच सांगतो.

पण आकडा. इथल्या इथे तीन हाका पुरतात,
सरांनी तीनच ठेवल्या होत्या. लांबच्या वाटेवर
हाक वाटेतच रेंगाळते.
किती वेळ थांबायचं? कमी थांबलं
तर जिवंत माणसाचं पान उचललं जातं. जास्त थांबलं
तर उमरेड.

सर म्हणाले होते, झोप येत नाही मला, केव्हाही कर फोन.
केला. वाजून वाजून थांबला.
पुन्हा केला.
एकाहत्तर वय, दोन स्टेंट, महालातलं तिसऱ्या माळ्यावरचं
पत्र्याचं घर, दिवसा सेहेचाळीस.
शेजारच्या घोरमारेंचा नंबर शोधायला लागले,
कुलूप तोडावं लागेल का इथपर्यंत पोचले,
आणि तिसऱ्यांदा लावला.

"बोल वं ज्योत्स्ना. कूलरमध्ये पाणी टाकत होतो."
मागे बादलीचा आवाज.
आकड्याबद्दल विचारायचं राहूनच गेलं.
त्यांनीच विचारलं, "पडलं का काही?"
म्हटलं, नाही सर. पाडणार आहे, तीन वाजता.
"मंग पाड. पण परत आल्याबरोबर खुर्ची नको देजो त्याले.
सकाळपर्यंत बसू दे बाहेर."

तीन हाकाच ठेवल्या. प्रत्येकीला पाच सेकंद दिले,
वाट लांबची आहे म्हणून.
आधी इथल्या जोडीची परीक्षा. तीन वाजून चार मिनिटांनी
वरच्या पेटीची वायर ओढली.
पंखा हळूहळू थांबला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा
त्या कप्प्यातून काहीच ऐकू आलं नाही.
खालचीने विचारलं. विचारलं. विचारलं.
मग हिरवा दिवा.
कुणाच्या तरी मोबाइलवर ते गोल चक्र
दोन फेऱ्या जास्त फिरलं असेल.

वायर परत खोचली. वरची जागी झाली,
बराच वेळ घसा खाकरत राहिली,
आणि खालचीला विचारू लागली:
आहेस?