नंबरप्लेटचे दोन स्क्रू

भाच्यानं खोकं आणून ओट्यावर ठेवलं.
दोन तबकड्या, जाडजूड, नारिंगी कण्याच्या वेष्टनात.
मूळ फितींवरून नव्याने घडवलेला, असं वर छापलेलं.
म्हणजे तेहतीस वर्षांनी
‘सॉल्ट ऑन द स्टेप्स’ला कल्हई लागली.

आत पुस्तिका. पुस्तिकेत फोटो:
सटफिन बुलेव्हार्डमागचं तळघर,
रोन्डेल, लेमुएल, मधे ड्रम मशीन,
आणि उजव्या कडेला एक कोपर.
ते माझं.
खाली दोनच नावं. कोपरांची नावं छापत नाहीत.

सतरा वर्षांची होते. पॅटीज घेऊन गेले होते,
सहा, कागदी पिशवीला तेल सुटलेलं.
पायऱ्यांवर बर्फासाठी टाकलेलं मीठ
बुटांखाली करकरत होतं.
लेमुएलच्या यंत्रात दहा सेकंद मावायचे. दहाच.
त्यात कुणाच्या तरी वडिलांच्या रेकॉर्डवरची बासरी,
कुठला तरी ढोल, कापून, उसवून, पुन्हा टाचून.
माझी आई रजया शिवायची अशाच, चिंध्यांच्या,
आणि तिला कुणी विचारलं नाही
हे कापड कोणाचं.

लेमुएलला विचारलं. वकिलांनी.
म्हणून सहाव्या गाण्यात आता ती बासरी नाही.
दुसरी आहे. स्वच्छ, सुशील,
खुर्चीच्या कडेवर टेकलेल्या पाहुण्यासारखी.
ते गाणं मी पुन्हा लावणार नाही.

पण चौथं.
चौथं ऐक, आत्या, म्हणाला भाचा, आणि सुई ठेवली.

माझ्या कॅसेटवर तिथे नुसती खरखर होती,
धुळीत कुणीतरी बोलतंय अशी.
धूळ झटकली तर खाली केवढं घर निघालं!
रेडिएटर ठणकतो, दोनदा.
रोन्डेल ओळीआधी श्वास ओढतो,
त्याच्या दम्याची ती बारीक शीळ,
आणि मग सुटतो: भाडं आणि भांडं आणि भांडण
एका दमात, एकाच दोरीवर वाळत घातलेलं,
चिमटा न लावता, आणि एक कपडा पडत नाही.
इतक्या वर्षांत मी विसरले होते
की तो घाईत नसायचा.
ठेका पुढे जायचा, हा मागून यायचा,
बस थांबेलच माझ्यासाठी, अशा चालीनं.

मग ‘गव्हर्नर’ शब्दावर जीभ अडखळते
आणि मागे एक मुलगी खिदळते,
तोंडात घास असताना.

ते हसू तिथे आहे हे मला माहीत होतं.
लोकांना सांगितलं तर म्हणायचे, कुठे?
ती शिंक आहे.
आता शिंक नाही. आता मी आहे,
दातांत फट असलेली, ती फट ऐकू येते.

आणि हसण्याच्या मागोमाग,
इतकं हळू की मी तीनदा सुई मागे नेली,
लेमुएल म्हणतो: राहू दे.
राहू दे ते.

लेमुएलशी मी सत्त्याण्णवपासून बोललेले नाही.
शार्लटला फरशांचं दुकान आहे त्याचं, असं कळतं.
रोन्डेलला तर आता काही सांगताच येत नाही.
भाचा विचारत होता, रडतेस का.
म्हटलं, पॅटी तिखट होती.

रात्री त्यानं तोच अल्बम गाडीत लावून दिला.
खालचा सूर असा आला की सीटमधून पाठीत चढला,
गोल, भरीव, कुठेही न फाटलेला.
सगळं होतं. तरी काहीतरी नव्हतं.
दोन चौक गेल्यावर कळलं:
भावाच्या जुन्या ब्यूकची नंबरप्लेट
प्रत्येक ठेक्याला खडखडायची,
आणि आम्ही सगळे ती गाण्यातलीच समजायचो.
ती कुठल्या फितीवर असणार.

सकाळी सहाला स्कूलबस काढायची असते मला.
त्याआधी, साडेपाचला, अंधारात,
स्वयंपाकघरातला स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली गेले,
गाडीच्या मागे गुडघ्यावर बसले,
आणि दोन्ही स्क्रू
दीड दीड आटा सैल केले.