मोकळी

रात्रीचे पावणेतीन. पारा उणे सव्वीसवर.
सस्कॅचेवानच्या माळावर गोठ्याचा एकच दिवा,
आणि तीनशे चौदा नंबरची काळी कालवड, पहिलटकरीण,
पाणमोट फुटून दीड तास झाला तरी अडलेली.

ओरिसिया कोट उतरवते, बाही खांद्यापर्यंत वर.
लेआंद्र, साबण. कोमट पाणी. पळू नकोस, ती बिचकेल.
हात आत जातो
आणि बाई डोळे मिटून घेते,
दुसऱ्याच्या घरात अंधारात किल्ली चाचपावी तशी.

एक खूर. दुसरा.
तळवे खाली, म्हणजे पुढचे पाय. बरं आहे.
डोकं?
डोकं मागे वळलेलं, स्वतःच्याच बरगडीकडे,
निघता निघता काही विसरल्यासारखं.

ओढायच्या आधी मागे ढकलायचं, ती म्हणते,
एवढं कळायला माझी अकरा वासरं गेली.
मग जबड्याला तळहाताची वाटी,
दात आतून कापू नयेत म्हणून,
आणि हळूच, हळूच, वळव रे बाळा, इकडे बघ.

साखळीचा एक वेढा सांध्याच्या वर, एक खाली.
ती कळ देईल तेव्हाच ओढ. ती थांबली की थांब.
मेत्रोनं एकदा पिकअपला बांधून ओढलं होतं.
(मेत्रो म्हणजे नवरा. त्यानंतर वर्षभर
आम्ही जेवताना फक्त हवामानाबद्दल बोललो.)

खांदे. मग कंबर अडते, जरा पीळ द्यावा लागतो,
मग सगळं एकदम, वाफाळत, पेंढ्यावर.
जीभ निळी. हालचाल नाही.
लेआंद्र मागचे पाय धरून उचलायला जातो.
टांगू नकोस! ते जुन्यांचं खूळ. छातीवर बसव.
गव्हाची काडी नाकपुडीत, खोल, अजून खोल.

काही नाही.
पुन्हा.
दिवा गुणगुणतो. बाहेर वारा पत्रा हलवून बघतो.

शिंक.

गाय मोकळी झाली. मान वळवून
घशातून असं काही म्हणाली
जे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.
बाई अजून मोकळी नाही:
उजाडायच्या आत चीक पोटात जायला हवा,
नाळेला आयोडीन, कान गोठता कामा नयेत.
खिशातली वही काढते, बोटं वाकत नाहीत,
लेआंद्र लिहितो: ३१४, गोऱ्हा, हात लागला.

पलीकडच्या कप्प्यात तीनशे दोननं
केव्हाची शेपटी उचलून धरलीय.