हॅलिफॅक्स शाखा : महिनाअखेरचा तक्ता

नाशिकहून निघताना बॅगेत होतं
पस्तीस वर्षांचं काम, चकचकीत कागदावर :
बावीस पूल, साखर कारखान्यांची धुराडी,
भाऊसाहेब मुल्हेरकरांचा तरुणपणीचा फोटो.

पत्ता मिळाला दोन आठवड्यांत.
पत नाही.
ती सामानात घालता येत नाही.

खाली चष्म्यांचं दुकान, वर आम्ही.
पाटी रंगवणाऱ्याने मुल्हेरकरांतला ह गाळला.
म्हणाला, इथे आम्हीही तो फारसा वापरत नाही.

मोठ्या कंपन्या विचारायच्या, इकडे कुणाचं काम केलंय?
मी म्हणायची, तुमचं करू द्या, मग सांगता येईल.
हसायचे. चहा द्यायचे. दारापर्यंत सोडायला यायचे.
दर शुक्रवारी भाऊसाहेबांचा फोन :
इथलाच एखादा भागीदार बघ. फी जरा उतरव.
सल्ला विकणाऱ्यांना सल्ला फुकट मिळतो.

नोव्हेंबरात मिसेस होल्ड्सवर्थ जिना चढून आल्या.
सासऱ्यांकडून आलेली लोकरीची गिरणी,
उत्तरेच्या भिंतीला भेग.
लीड्सच्या फर्मने सांगितलेलं : भिंत उतरवा.
आकडा त्यांनी पाकिटाच्या पाठीवर लिहून आणला होता,
तोंडाने उच्चारायला नको म्हणून.

दिवसभर भिंतीपाशी उभी राहिले.
दगड काळवंडलेला, पाऊस आडवा,
पण भार खाली उतरतो तो आपल्याकडच्यासारखाच.
भेगेच्या पोटात जुना हिरवा रंग,
कोळ्याचं जाळं, लोकरीची धूळ.
आजची नव्हतीच ती.
तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली,
कोपऱ्यात तारीख घातली.
काच तडकली तर फोन करा,
नाही तडकली तर काहीच करू नका.

किती द्यायचे?

काही न करण्याचे काय घ्यायचे, असं बोलून गेले
आणि जीभ चावली.

तेव्हापासून दर सोमवारी फोन.
"काच शाबूत आहे."
मग हवा. मग गुडघा.
मग परवा, सहज :
शेजारच्या गिरणीवाल्याला तुमचा नंबर दिलाय.
चिक्कू आहे, पण भिंत त्याचीही म्हातारी.

आज तक्ता उघडून बसलेय.
'नवीन व्यवसाय'च्या रकान्यात लिहिलं :
एक भेग. जुनी. हलत नाही.
रकमेत शून्य घातलं तर खाना लाल होतो,
पुढे सरकू देत नाही.

एक पौंड घातला.
माझ्या पर्समधला.