एक घंटा

अडावदला संडासाला कुलूप.
धानोऱ्याला दारच नाही.
किनगावला दार आहे, आत कुणाची तरी सरपणाची मोळी.
यावलला वेळ नसतो.
सहा वर्षं तिकिटं काढली
ओठ ओले होतील एवढंच पाणी पिऊन,
बॅग ओटीपोटाशी घट्ट धरून.

मे महिना, गाडीचा पत्रा पोळत होता,
आणि मला थंडी वाजली.
दात वाजले, मग बॅगेतली चिल्लरही.
हुसेन तडवीने आरशात पाहिलं
आणि एकही थांबा न घेता
गाडी थेट चोपड्याच्या दवाखान्यात घातली.
केळी कापणाऱ्या बाया आधी ओरडल्या,
मग कुणीतरी आपलं लुगडं माझ्यावर टाकलं.

डॉक्टर फेगडेंनी पाठीत, बरगडी संपते तिथे,
मूठ हलकीच आपटली.
जी किंचाळी निघाली
ती माझी मला ओळखू आली नाही.

प्रेशर सत्तर. रात्रीच जळगाव.
आधी नमुना, मग औषध, सिस्टर म्हणाली,
पण तासाच्या आत.
सोनोग्राफीत मुगाएवढा खडा,
नळीच्या तोंडाशी बसलेला,
मागे तुंबलेला पू.
आतून बारीक नळी घातली तेव्हा निघाला तो वाटीभर.
एवढ्यानेही माणूस जातं, बरं का.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट:
सात औषधांना जंतू दाद देत नाहीत,
दोनांना देतात.
त्या दोनांतलं एक, सकाळ-संध्याकाळ, शिरेतून,
गार, कोपरापर्यंत जाणवणारं.

शेजारच्या खाटेवर पारोळ्याच्या कोकिळाबाई.
"काय हुई गयं व माय तुले?"
मी म्हटलं, किडनीला सूज.
दिवे मालवल्यावर म्हटलं,
मूत दाबलं, बाई. सहा वर्षं.
बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "मी बी."

कागदावर लिहिलं होतं:
चौदा दिवस गोळ्या, तीन लिटर पाणी,
लघवी रोखू नये. खाली दोन रेघा.
अडावदच्या कुलपाचं
कागदावर काही नव्हतं.

जूनमध्ये ड्युटी. नळी अजून आतच, वाकलं की टोचते.
धानोऱ्याच्या पुढे, केळीच्या बागेपाशी,
मी दोरी ओढली.
एक घंटा.
कोण उतरतंय इथे? मागून कुणीतरी खेकसलं.
मी, म्हटलं.
उतरले, तर माझ्यामागे
दोन बाया उतरल्या, मग एक म्हातारी, काठी टेकत.

हुसेनने हात वर केला
आणि आरसा
आभाळाकडे फिरवला.